ओट्यावरची गाडी

घर भाड्याने पाहायला गेलो तेव्हा घरमालकांनी आमचं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, नोकरी कुठली तेही विचारलं नाही. ते सरळ फाटकाबाहेर गेले आणि आमच्या गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी फेरी, उलट्या बाजूने. मी आणि आमचे हे व्हरांड्यात पाण्याचे पेले हातात धरून उभे. परत आल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि ह्यांना विचारलं, "मागच्या दिव्याच्या भोवताल ते चमचमणारं काय लावलं?"

"क्रोमची पट्टी आहे," हे म्हणाले. "शो म्हणून."

"दिव्यानं उजेड द्याचा असते. त्याले बांगड्या कायले? काढजा ते. मंग सामान आणा."

असं आम्हाला वर्ध्यातलं ते घर मिळालं. पट्टी काढताना तिच्याबरोबर खालचा रंगही निघाला, त्यावरून आमचे हे पुढे कित्येक दिवस धुसफुसत होते. मीही चिडलेच होते. यवतमाळहून बदली होऊन आलेली मी साधी कारकून बाई, घरासाठी उन्हातान्हात वणवण केलेली, आणि हा म्हातारा दिव्याच्या पट्टीवरून आमची लायकी ठरवतोय. ह्याच्या माडीवर राहायचं म्हणजे डोक्याला ताप, असं मी तेव्हाच म्हटलं होतं. ताप झालाच. पण त्या घरात मी जेवढी हसले तेवढी दुसऱ्या कुठल्या घरात हसले नाही, हेही खरं.

घरमालक निवृत्त ढोरांचे डॉक्टर. गल्लीत कोणीही नुसतं 'डॉक्टर' म्हटलं की तेच. उंच, हडकुळे, पांढरा सदरा कोपरापर्यंत दुमडलेला, आणि समोरचा माणूस असो की म्हैस, आधी पायांकडे बघायची सवय. अंगणाच्या कडेला टिनाचं एक शेड होतं आणि त्यात त्यांची गाडी. विलायती, दोनच माणसांची, वरून उघडी, लोण्याच्या रंगाची, तारांच्या चाकांची, लांब नाकाची. पळवायची म्हणूनच बनवलेली जुनी गाडी. कंपनीचं नाव मी सांगत नाही, कारण डॉक्टरांना ते घेतलेलं खपत नसे. त्यांच्या लेखी ती एकटीच 'गाडी'. रस्त्यावरची बाकी सगळी 'वाहनं'.

डॉक्टरांची बरीचशी नोकरी आर्वीकडे झाली. तिथल्या एका जमीनदार मालगुजारांच्या गोठ्यात ही गाडी उभी होती, नाकावर कापसाच्या गोण्या आणि सीटवर कोंबड्या. मालगुजारांची आवडती गाय अडली, डॉक्टरांनी सकाळपासून खपून तिला सोडवलं, आणि खूश होऊन मालगुजार म्हणाले, काय पाहिजे ते मागा. डॉक्टरांनी कोंबड्यांकडे बोट दाखवलं. मालगुजारांना वाटलं अंडी पाहिजेत. हा किस्सा डॉक्टर दर वेळी तितक्याच रंगात येऊन सांगत, आणि 'अंडी' आलं की आतून काकूंचं हसू ऐकू येई.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. गोऱ्या, गुटगुटीत, बोलायला फटकळ आणि हसायला मोकळ्या. त्यांचं माहेर सिंदी रेल्वेचं. लग्नानंतरच्या पहिल्याच तान्ह्या पोळ्याला, लेकरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, डॉक्टर त्यांना या गाडीतून सिंदीला घेऊन गेले, आणि तेव्हापासून गाडीतली दुसरी सीट काकूंची; डॉक्टर त्यांना 'माही सवारी' म्हणत. त्या सीटवर दुसरं कोणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. पण मी राहायला गेले तेव्हा त्या सीटवर काकूही बसत नव्हत्या. गुडघ्यांनी त्यांचा घात केला होता. खुर्चीच्या उंचीवर त्या आरामात बसायच्या, पण खाली वाकणं बंद. आणि ती गाडी इतकी बुटकी की शेजारी उभं राहिलं तर सीट आपल्या पोटरीला लागे. मागे एकदा त्यांनी जोर करून पाहिला होता. बसणं कसलं, पडल्याच त्या आत, आणि बाहेर काढायला शेजारच्या दोन घरांतली माणसं बोलवावी लागली. त्या दिवसापासून काकूंनी सांगून टाकलं, "मी माहेरी जाईन तर याच गाडीनं, याच सीटवर. नाई तर जातच नाई."

आणि खरंच गेल्या नव्हत्या. सिंदीचा थोरला भाऊ थकलेला, तो दर वर्षी निरोप पाठवायचा, त्याची लेकरं बस सांगायची, रिक्षा सांगायची, आमचे हे आपली गाडी घेऊन तयार असायचे. काकू कोणाचं ऐकत नसत. पोळा जवळ आला की त्यांचं बोलणं कमी होई आणि भांड्यांचा आवाज वाढे.

आता कोणी म्हणेल, मग सीट उंच करून घ्यायची. तेच तर दुखणं होतं. डॉक्टर गाडीला काहीही करू देत नसत.

त्यांची मतं ऐकायची तर रविवारी सकाळी जामला जायला पाहिजे. नागपूर, हैद्राबाद, चंद्रपूर, सगळीकडची वाहनं जामच्या चौकात चहाला थांबतात. डॉक्टर गाडी घेऊन तिथे जात, बाजूच्या रिकाम्या सीटवर काकूंची घडी केलेली शाल. आमचे हे मागून आपलं वाहन घेऊन. चहाचा कप हातात घेऊन डॉक्टर एकेका वाहनाभोवती फिरत आणि मालकाला न विचारता तपासणीचा निकाल देत. एकदा एक तरुण मागच्या डिक्कीवर भलंमोठं पंख लावलेली गाडी घेऊन आला. डॉक्टरांनी पंखाला खालून हात लावून पाहिला.

"हे काऊन लावलं, बेटा?"

"स्पोर्ट्स लुक येतो काका."

"जनावराले शेपूट माश्या हाकलाले असते. तुह्या गाडीले माश्या लागतेत का?"

तरुण भडकला. मग त्याची नजर डॉक्टरांच्या गाडीवर गेली आणि तो भडकायचं विसरला. फोटो काढू का, म्हणाला. काढ. आत बसून काढू का, म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "माह्या जागेवर बस. ती दुसरी सीट भरलेली आहे." तरुणाने शालीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं आणि निमूटपणे स्टिअरिंगमागे बसला. हे मला ह्यांनी घरी येऊन सांगितलं.

मागच्या काचेवर 'आई-बाबांचा आशीर्वाद' लिहिलेलं दिसलं की डॉक्टर म्हणत, "आशीर्वाद डोक्यावर असू दे, काचेतून मागचं दिसू दे." खिडकीवर काळी फिल्म असली तर "मोतीबिंदू झाला". चाकं गाडीपेक्षा मोठी घातली असली तर "वासराले बैलाचे खूर". आणि हे सगळं ओरडून नाही, दवाखान्यात बोलावं तसं हळू, काळजीने. म्हणून मार खाल्ला नाही त्यांनी कधी.

दुसऱ्यांच्या वाहनांवरच टीका करत असं नाही. त्यांच्या स्वतःच्या गाडीच्या कंपनीनेही पुढे क्रोमचे बंपर काढून काळे रबरी बंपर बसवले म्हणे. हे होऊन किती काळ लोटला असेल, पण डॉक्टरांचं त्यावरचं दुःख ताजं होतं. "आपल्याच लेकराचं तोंड काळं केलं त्यायनं," असं ते जेवताना मध्येच म्हणत. गाडी चांगली कशी ओळखायची तेही त्यांनी मला शिकवलं होतं. आर्वीकडची गवळाऊ ही गुरांची जात त्यांच्या डोळ्यांत बसलेली. पांढरी, लांब अरुंद तोंडाची, पळायला हलकी. ते हवेत बोट धरून नाकापासून शेपटीपर्यंत एक रेघ काढत. "मधात कुठी बोट अडकलं तर समजजो, कोण्या तरी शहाण्यानं काही तरी लावलं आहे."

नागपूरहून एकदा जुन्या गाड्यांचे एक शौकीन आले. म्हणाले, बाहेरून अशीच ठेवू, फक्त आत नवीन इंजिन टाकून देतो, चावी मारली की चालू. डॉक्टरांनी त्यांना चहा पाजला, चिवडा दिला आणि विचारलं, "बैलाच्या छातीत बकऱ्याचं काळीज बसवलं तर तो बैल होय का बकरा?" शौकिनांनी चिवडा खाली ठेवला. तेवढ्यात काकू आतून म्हणाल्या, "आणि इंजिनासमोरचा पंखा ट्रॅक्टरचा लावला ते नाई सांगत का त्यायले?"

डॉक्टर अजिबात गांगरले नाहीत. "ती दवाई आहे," म्हणाले. "गाडी तापत होती. आतून लागते ते दवाई. बाहेरून दिसाले लावते तो शृंगार. दवाईले माही ना नाई."

काकू दाराशी आल्या. पदराला हात पुसत म्हणाल्या, "मंग माही सीट उंच करणं काय आहे? दवाई का शृंगार?"

मी तेव्हा जिन्यात उभी होते. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "सीट उंच केली का तुहं डोकं काचेच्या वर येते. दरवाजा खालून कापा लागते. सारी रेघ तुटते."

"म्हणजे माहं डोकं मधात येऊन राह्यलं."

"मी तसं कुठी म्हटलं?"

"बोट अडकते ना तुमचं माह्या डोक्यावर," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं. डॉक्टर मुकाट्याने जेवले, असं काकूंनीच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

पण माणूस विचार करत होता, हे मला वरून दिसायचं. सकाळी अंगणात काकूंना म्हणत, "जरा चालून दाखव." काकू चालत आणि डॉक्टर उकिडवे बसून त्यांच्या गुडघ्यांकडे बघत. "डाव्या पायावर भार कमी देऊन राह्यली तू." काकू म्हणत, "मी काय बाजारात विकाले आली का?" मग ते वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्या मांडत, स्टुलं मांडत, काकूंना बसवत, उठवत. एकदा माझ्या स्वयंपाकघरातला डब्बाही नेला.

आणि एक दिवस गल्लीत विटांची ट्रॉली आली. डॉक्टरांनी अंगणाच्या मधोमध एक ओटा बांधायला घेतला. एका बाजूने उतार, वर सपाट, गाडी चढेल एवढा. मिस्त्री विचारतो, काय ठेवायचं यावर? डॉक्टर म्हणतात, "गाडी." कल्पना त्यांना जनावरांच्या बाजारातून सुचली होती. बैल ट्रकात चढवायचा असला की मातीचा चढ करतात. "जनावराले कोणी उचलत नाई," त्यांनी मला समजावलं. "जमीन उचलतेत." गाडी ओट्यावर चढली की तिची सीट खाली अंगणात उभ्या असलेल्या काकूंच्या गुडघ्याच्या जरा वर येणार. काकू खुर्चीवर बसाव्या तशा बसणार. गाडीचा एक खिळाही हलणार नाही.

गल्ली हसली. मी हसले. आमचे हे बांधकामातले इंजिनीअर, ते तर नकाशा मागून घेऊन हसले, आणि मग म्हणाले की उतार बरोबर काढलाय. ओट्यावर पाणी मारायला डॉक्टर स्वतः उभे राहायचे.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात चाचणी झाली. गाडी घुरघुरत ओट्यावर चढली. काकूंनी लुगडं सावरलं, सीटवर टेकल्या, एकेक पाय आत घेतला, आणि बसल्या. काही ओढाताण नाही, काही विव्हळणं नाही. डॉक्टरांनी गाडी उतरवली आणि गल्लीतल्या प्रत्येक फाटकासमोर हॉर्न वाजवत फिरवली. काकू दोन्ही बाजूंना हात दाखवत होत्या, निवडून आल्यासारख्या. परत येऊन गाडी ओट्यावर चढली आणि काकू आल्या तशा उतरल्या. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला रडू आलं, ते मी डोळ्यात कचरा गेला म्हणून खपवलं.

"गाडीले हात नाई लावला," डॉक्टर भेटेल त्याला सांगत सुटले. "जमिनीले लावला."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आम्ही सिंदीला निघालो. पुढे ती दोघं, मागे आम्ही. आदल्या दिवशी पडून गेलेला पाऊस, धुतलेलं ऊन, दोन्ही बाजूंना कमरेएवढा कापूस. सेलूच्या पुढे काकूंचा पदर वाऱ्यावर गाडीच्या मागे उडत होता आणि आमचे हे तो आमच्या काचेवर येईल म्हणून हळू चालवत होते. डॉक्टर मध्येच काकूंना काही तरी बोट दाखवत. दोघांचं डोकं एका उंचीवर होतं. रेघ कुठेही तुटलेली नव्हती.

सिंदीचा तान्हा पोळा ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगू. आपल्याकडे लेकरं हातभर लाकडी नंदी दोरीने ओढतात. इथे नंदी माणसापेक्षा उंच, चाकांवर, सजवून आणलेले. सगळं मैदान त्यांनी भरलेलं. डॉक्टरांनी गाडी मैदानाच्या कडेला नेऊन उभी केली. काकूंचा भाऊ काठी टेकत आला, वहिनी आली, भाचेसुना आल्या. भाऊ बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा. मग वहिनी म्हणाली, "उतरा ना आता. घरी चाला, पुरण तयार आहे."

काकूंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी जमिनीकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. मैदान कसं, तव्यासारखं सपाट.

"ओटा," डॉक्टर म्हणाले.

ओटा वर्ध्याला होता. पशुवैद्य, इंजिनीअर, सरकारी कारकून आणि अख्खी गल्ली, एवढ्या डोक्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की जिथे जायचं तिथेही उतरायचं असतं. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं. डॉक्टर घाईघाईने म्हणाले, "बसलेल्या गाईले उठवतो तसं, पोटाखालून दोर घेतला तर..."

"हात लावून पाहा," काकू म्हणाल्या.

आणि त्या हसायला लागल्या. अशा हसल्या की गाडी हलायला लागली. त्यांचं पाहून वहिनी हसली, भाऊ हसला, भाचेसुना पदर तोंडात घालून हसल्या. मग काय, काकू उतरू शकत नाहीत म्हटल्यावर सिंदीच काकूंकडे आली. जुन्या मैत्रिणी आल्या, शाळेतल्या, शेजारच्या. पुरणपोळीचं ताट गाडीत आलं. लेकरं आपापले छोटे नंदी घेऊन बोजारा मागायला रांगेने आली, तान्ह्या पोळ्याची ओवाळणी ती, आणि काकू पिशवीतून चॉकलेटं काढून देत होत्या. डॉक्टर गाडीपासून थोडे दूर उभे होते. त्यांचा चेहरा चूक पकडली गेलेल्या पोरासारखा झाला होता.

एवढ्यात एका म्हातारीने, नंदी समजून म्हणा की सवयीने म्हणा, गाडीच्या नाकाला कुंकू लावलं. दुसरीने फुलं वाहिली. मग वहिनीने विचारलं, "मठाठी बांधू का?" मठाठी म्हणजे पोळ्याला बैलाच्या कपाळावर बांधतात तो रंगीत लोकरीचा, आरशांचा साज. काकूंनी डॉक्टरांकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "बांध. बेगडही लाव."

आमचे हे माझ्या कानात म्हणाले, "संपलं आता." ज्या माणसाने आमच्या दिव्याची पट्टी काढायला लावली, त्याच्या गाडीच्या लांब नाकावर सोनेरी बेगड, झेंडूच्या माळा आणि समोर लाल-हिरवी मठाठी लटकत होती. डॉक्टर पुढे आले. लोक बाजूला झाले. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग दुसरी, उलट्या बाजूने. काकू हात मांडीवर ठेवून सरळ समोर बघत बसल्या होत्या. डॉक्टर गाडीच्या नाकासमोर थांबले, वाकले, एक डोळा मिटून पाहिलं.

"डावीकडे उतरली आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी मठाठी सरळ केली.

माईकवरच्या माणसाने तेवढ्यात जाहीर केलं की यंदा वर्ध्याहून चार चाकांचा नंदी आला आहे आणि जोडीने आला आहे. टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या शृंगाराबद्दल कोणाला काही सुनावलं नाही.

ऊन कलल्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "अहो, गाडी त्या डांबरी रस्त्याच्या कडेले लावा. तिथं बाजूची जमीन खाली आहे. मी उतरतो."

आम्ही सगळ्यांनी तिकडे पाहिलं. रस्ता उंच, कडेला चांगला खोल उतार. काकूंची सीट डावीकडे, म्हणजे बरोबर त्या बाजूला. गाडी तिथे उभी केली असती तर त्या आल्या आल्या उतरल्या असत्या.

"हे तुले कधी दिसलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"येतायेताच दिसलं."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"उतराचं कोणाले होतं?" काकू म्हणाल्या.

त्या उतरल्या, भावाच्या घरी गेल्या, जुन्या दारात उभ्या राहून थोडं रडल्या आणि पुन्हा हसल्या. परतताना त्याच कडेवरून बसल्या. मी म्हटलं, झालं, सुटला प्रश्न. पण प्रश्न आता कुठे सुरू झाला होता. काकूंना गाडीची चटक लागली. रविवारी त्याही जामला जायला लागल्या, आणि तिथे चौकात कड मिळेना. डॉक्टर वाहनं तपासत फिरत आणि काकू गाडीत अडकून चहा पीत. एकदा म्हणाल्या, "मले त्या बाकड्यावर बसून चहा प्याचा आहे. मले भाजीबाजारात उतराचं आहे. तुम्ही मले नेता, पण पोचवत नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर माडीवर आले. असे ते कधी येत नसत. खुर्चीवर बसले, चहा नको म्हणाले.

"गच्चीवर तुमच्या साहेबाची मोडकी फिरती खुर्ची पडली आहे. ती मले देता का?"

"घेऊन जा ना काका. पण काय करणार तिचं?"

त्यांनी खिडकीतून खाली शेडकडे पाहिलं. "चकती पाहिजे तिची. फिरते ती." मग म्हणाले, "रात्रभर पाहत होतो, बेटा, कुठून तरी निभते का. नाई निभत. ते दवाईच आहे. मी उगाच इतले दिवस शृंगार समजून राह्यलो."

सांगते, त्या माणसाबद्दल मला त्या क्षणी जेवढी माया वाटली तेवढी माझ्या सख्ख्या काकांबद्दलही कधी वाटली नाही.

काम पुढे रेंगाळत चाललं. सीटखाली सागाची चौकट, तिच्यावर खुर्चीची चकती, चकतीवर सीट. दरवाजा खालून कापला तेव्हा डॉक्टर शेडमध्ये थांबले नाहीत, भाजी आणायला गेले. माझी तोवर चंद्रपूरला बदली झाली आणि पूर्ण झालेली गाडी काही मला पाहायला मिळाली नाही.

मग गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांचा फोन आला. नागपुरात जुन्या गाड्यांचा मेळा आहे, येजो. मी आणि हे गेलो. मैदानात एकाहून एक चकाकणाऱ्या गाड्या, आणि मध्ये ती लोण्याच्या रंगाची. डावी सीट उंच, दरवाजाला खालून चंद्रकोरीसारखा काप, धरायला बसमध्ये असतो तसा दांडा, आणि काकूंचं डोकं काचेच्या चांगलंच वर. मला पाहिलं तसं डॉक्टर सुरूच झाले. "हा काप पाह्य, कोण्या शहाण्यानं मारला? रेघ इथं आली आणि मेली. आणि हा दांडा. गाडी आहे का सिटी बस? मी परीक्षक असतो तर फाटकातूनच परत पाठवली असती." स्वतःच्या कामाची इतकी यथेच्छ निंदा करताना मी दुसरं कोणाला पाहिलं नाही. काकू वर बसून शेंगा खात होत्या.

परीक्षक आले. त्यातले एक डॉक्टरांना ओळखत होते. त्यांनी आत वाकून चकती पाहिली, दांडा पाहिला आणि मान हलवली.

"डॉक्टर, मागच्या खेपेला रबरी बंपरवरून तुम्ही आम्हाला इथे तासभर सुनावलं होतं. आणि आता हे? यात मूळचं म्हणावं असं राहिलं तरी काय?"

डॉक्टरांनी गाडीकडे पाहिलं, नाकापासून शेपटीपर्यंत. मग काकूंकडे.

"सवारी," ते म्हणाले.

परीक्षक हसले की नाही मला आठवत नाही. मी काकूंकडे बघत होते. त्यांनी शेंगांची टरफलं रुमालात बांधली, दांडा धरून सीट बाहेर फिरवली, दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि कोणाचाही हात न धरता उठून उभ्या राहिल्या.

"चाल बेटा," मला म्हणाल्या. "बाकीच्यायनं आपल्या गाड्यायचं काय काय करून ठेवलं ते पाहून येऊ."